मदत हवी आहे: फीडरवरच्या फिंचचे डोळे सुजलेत, ऐन थंडीत फीडर काढू का?

डेकवरची_सई

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. मागच्या डेकवर तीन वर्षांपासून दोन फीडर, म्हणजे पाखरांसाठी दाण्यांच्या नळ्या, टांगलेले आहेत. एकात काळ्या सूर्यफुलाच्या बिया असतात, दुसऱ्यात नायजर. नायजर म्हणजे आपले कारळेच. सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या, तेव्हा पिशवीत हात घालून म्हणाल्या, "अगं, हे तर चटणीचे कारळे!" मग दोन महिने रोज सकाळी पाखरांना दाणे घालायचं काम त्यांनी कोणाला करू दिलं नाही. त्या परत गेल्यावर ते माझ्या सात वर्षांच्या लेकाने घेतलं.

शनिवारी एक हाऊस फिंच (चिमणीएवढा पक्षी) मादी दिसली. उजवा डोळा सुजून पूर्ण बंद, भोवती पिवळट खपली. मी दार उघडल्यावर बाकीचे सगळे भुर्रकन उडाले, ही तिथेच बसून राहिली. रविवारी लाल डोक्याचा नर आला, त्याचे दोन्ही डोळे तसेच. बी शोधताना चोच भोकाच्या शेजारी नळीवर आपटत होती. आणि आज सकाळी डेकखाली एक फिंच मरून पडलेला मिळाला.

रात्री उणे ९ पर्यंत उतरतंय. अशात फीडर काढला तर बाकीचे उपाशी मरतील का? आजारी पक्ष्याला पकडून डोळ्यांत औषध घालता येईल का? लेकाला काही होणार नाही ना? खरं विचारायचंय ते वेगळंच: हे आमच्या फीडरमुळे झालं का?

रानवाट

सईताई, फीडर आजच उतरवा. दोन्ही.

तुम्ही लिहिलेली लक्षणं हाऊस फिंचच्या डोळ्यांच्या आजाराची आहेत. तो मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम या जिवाणूमुळे होतो. मुळात हा कोंबड्यांचा रोग. १९९४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन डीसीच्या आसपास तो पहिल्यांदा या फिंचमध्ये दिसला आणि काही वर्षांतच सगळ्या पूर्व किनाऱ्यावर पसरला. पुष्कळ भागांत त्यांची संख्या निम्म्यावर आली. पूर्वेकडे हा पक्षी मुळात नव्हताच. पश्चिमेकडून धरून आणलेले फिंच न्यूयॉर्कचे दुकानदार 'हॉलिवूड फिंच' म्हणून विकत होते. तो बेकायदा धंदा अंगाशी येतोय असं दिसल्यावर १९४० च्या सुमारास ते लाँग आयलंडवर सोडून दिले गेले. पूर्वेकडचे आजचे फिंच त्या मूठभर पक्ष्यांची प्रजा आहे.

जिवाणू स्वतः पक्ष्याला क्वचितच मारतो. डोळे चिकटतात, दाणा दिसत नाही, ससाणा दिसत नाही, आणि तो भुकेने, थंडीने किंवा शिकार होऊन जातो. तुमची मादी बाकीच्यांबरोबर उडाली नाही, ती त्यामुळेच. काही बरे होतात, पण त्यांना पुन्हा लागण होऊ शकते.

उपाशी मरण्याची भीती काढून टाका. विस्कॉन्सिनमध्ये चिकडी पक्ष्यांचा अभ्यास झाला आहे. वर्षानुवर्षं फीडरवर येणाऱ्या चिकडींचे फीडर काढून घेतले, तरी त्या हिवाळ्यात त्या इतर चिकडींइतक्याच तगल्या. फीडर हा त्यांचा जोडघास असतो. फीडर उतरल्यावर पक्षी पांगतात, आणि आत्ता तेच हवंय.

पकडू नका. औषध तर अजिबात नको, दाण्यात नाही की पाण्यात नाही. कुणी किती खाल्लं कळत नाही. अर्धवट डोसाने पक्षी जिवंत राहून रोग मात्र वाटत फिरतो. शिवाय १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली रानपक्षी परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही. फारच अशक्त पक्षी जमिनीवर सापडला तर परवाना असलेल्या वन्यजीव पुनर्वसन केंद्राला फोन करा.

डोळ्यांचा हा आजार माणसाला होत नाही. पण फीडरवर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणूही असू शकतो आणि त्याची लागण माणसाला होते. २०२१ मध्ये अमेरिकेत फीडरवरच्या गाणाऱ्या पक्ष्यांशी जोडलेली साल्मोनेलाची साथ आली होती, माणसं रुग्णालयात दाखल झाली होती. त्यामुळे लेकाला सध्या फीडरला हात लावू देऊ नका. मेलेला पक्षी हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बांधा आणि कचऱ्यात टाका.

थेम्सकाठची_मंजू

इंग्लंडमधून लिहितेय. आमच्याकडे ग्रीनफिंचचं असंच झालं. ट्रायकोमोनोसिस म्हणून घशाचा आजार आहे, मूळ कबुतरांचा. २००५ पासून तो फिंचमध्ये दिसायला लागला. घसा सुजतो, घास गिळता येत नाही, पक्षी तो ओला दाणा परत टाकतो आणि दुसरा उचलतो. ब्रिटनमधले ग्रीनफिंच काही वर्षांत ४३ लाखांवरून २८ लाखांवर आले, आणि २०२१ मध्ये त्यांचं नाव धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेलं. पूर्वी माझ्या बागेत सात-आठ यायचे. गेल्या वर्षी एकही नाही. तो दाणा टाकणारा पक्षी मी पाहिला होता, पण थंडी आहे म्हणून फीडर तसाच ठेवला. सई, तू तसं करू नकोस.

कोथरूडकर_अण्णा

आम्ही गच्चीत मातीच्या परळात पाणी ठेवतो. बुलबुल, साळुंक्या येतात, कबुतरंही. त्यातूनही पसरतं का?

रानवाट

अण्णा, पसरू शकतं, विशेषतः कबुतरं येत असतील तर. रोज जुनं पाणी फेका, परळ घासा आणि उन्हात कोरडा होऊ द्या. घशाच्या आजाराचा जीव ओलाव्यात टिकतो, वाळलं की मरतो. दोन परळ ठेवलेत तर एक वाळेपर्यंत दुसरा वापरता येईल.

डेकवरची_सई

दोन्ही फीडर उतरवले. लेक रडला. "आपण त्यांना आजारी केलं का?" असं त्यानेही विचारलं. त्याला काय सांगू?

रानवाट

खरं तेच सांगा. रोग तुम्ही आणला नाही. पण एकाच भोकात डोकं घालायला वीस पक्षी आले की एकाच्या डोळ्याचा स्राव दुसऱ्याच्या डोळ्याला लागतो. फिंचवरच्या प्रयोगांत फीडर दाटीने लावले तेव्हा रोग जास्त पसरला. तुम्हाला हे माहीत नव्हतं, आणि कळलं त्या दिवशी तुम्ही फीडर उतरवलेत.

आता सफाई. आधी घासून सगळी घाण काढा, कारण घाणीवर ब्लीच चालत नाही. मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, त्यात दहा मिनिटं बुडवा. भरपूर धुवा, पूर्ण वाळवा. हे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका. खाली सांडलेल्या बिया आणि टरफलंही झाडून टाका, जमिनीवर टिपणारे पक्षी तिथेच येतात. निदान दोन आठवडे फीडर बंद. त्यानंतर एकही सुजलेला डोळा दिसला नाही तर एकच टांगा, थोडेच दाणे घाला, आणि दर दोन आठवड्यांनी हीच सफाई करा.

डेकवरची_सई

आज दोघांनी मिळून डेक झाडला, तो हातमोजे घालून. कॅलेंडरवर दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी त्याने चिमणी काढून ठेवली आहे. तोवर तो खिडकीतूनच पाहून वहीत लिहिणार: कोण आलं, डोळे कसे होते. आज मेपलवर एक फिंच होता. "दोन्ही डोळे उघडे," असं लिहिलंय. सासूबाईंनाही फोन करून सांगितलं. त्यांच्या अंगणातला परळ आता रोज घासला जाईल.