योगी बेराला ‘जाहिरातीतला म्हातारा’ म्हणणाऱ्यांसाठी

पसेइककाठ
‘अमेरिकेत आल्यावर कोणते खेळाडू माहीत असावेत’ या कालच्या चर्चेत न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा जुना कॅचर (पिचरने टाकलेला चेंडू फलंदाजामागे बसून घेणारा) योगी बेरा याच्याबद्दल सिनसिनाटीकर यांनी लिहिलं: “योगी बेरा म्हणजे विम्याच्या जाहिरातीतला गमतीदार बोलणारा म्हातारा. यांकीजमध्ये होता म्हणून वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, जिंकल्याच्या दहा अंगठ्या मिळाल्या. खरा कॅचर एकच, सिनसिनाटीचा जॉनी बेंच.” तिथे दोन ओळींत उत्तर देऊन झोपायला गेलो, पण झोप लागेना. म्हणून हे.

१९५० साल घ्या. ५९७ अ‍ॅट-बॅट (फलंदाजीच्या पाळ्या), होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) २८, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) १२. अख्ख्या मोसमात बारा! आजचे नावाजलेले फलंदाज एवढे दोन आठवड्यांत संपवतात. एमव्हीपी (लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू) तीनदा, १९५१, १९५४ आणि १९५५. त्यातल्या १९५४ ला पेनंट (लीगचं विजेतेपद) क्लीव्हलंडने नेलं होतं. यांकीज वर्ल्ड सिरीजमध्ये नव्हतेच, तरी एमव्हीपी योगीच. मग ‘यांकीजमुळे’ कसं?

जाहिरातींचं म्हणाल, तर त्याची ‘भोळा बोलका’ ही प्रतिमा त्याने एकट्याने बनवली नाही. सेंट लुइसच्या ‘द हिल’ या इटालियन वस्तीतला त्याचा बालमित्र जो गराजिओला पुढे टीव्हीवर गेला आणि योगीचे किस्से सांगत राहिला. ‘रस्त्याला फाटा फुटला की तो घ्या’ या वाक्यावर सगळे हसतात. ते त्याच्या न्यू जर्सीतल्या मॉन्टक्लेअरच्या घरी कसं यायचं याचं उत्तर होतं. दोन्ही रस्ते घरीच पोचायचे!

१९८५ मध्ये यांकीजच्या मालकाने, स्टाइनब्रेनरने, मोसमाचे १६ सामने होताच त्याला मॅनेजरपदावरून काढलं, तेही दुसऱ्याच्या तोंडून निरोप पाठवून. योगी १४ वर्षं यांकी स्टेडियमची पायरी चढला नाही. १९९९ मध्ये मालक स्वतः न्यू जर्सीत येऊन चूक कबूल करून गेला, तेव्हा कुठे योगी गेला. असा माणूस तुम्हाला विदूषक वाटतो?

साताऱ्याहून बाबा आले होते तेव्हा त्यांना मॉन्टक्लेअर स्टेट विद्यापीठातल्या योगी बेरा संग्रहालयात नेलं. त्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. १९५६ च्या परफेक्ट गेमनंतर (प्रतिस्पर्ध्यांचा एकही फलंदाज बेसवर पोचला नाही असा सामना) योगीने पिचर डॉन लार्सनच्या अंगावर उडी मारली तो फोटो बघत ते बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, “हा कीपर आहे ना? मग अर्धी विकेट याची.”

सिनसिनाटीकर
वाक्य माझंच, तेव्हा उत्तरही मीच देतो. बेंचला १९६८ ते १९७७ सलग दहा गोल्ड ग्लोव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचं बक्षीस). योगीकडे किती? शून्य. होमरन ३८९ विरुद्ध ३५८. १९७६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बेंचची सरासरी .५३३ (निम्म्याहून जास्त वेळा हिट), आणि चार सामन्यांत धुऊन काढले ते तुमचे यांकीजच. टीव्हीवर बेंचही गेला, पण १९८० पासून काही वर्षं मुलांना बेसबॉल शिकवणारा कार्यक्रम चालवला. योगीसारखा जाहिरातीत चॉकलेटचं पेय विकत बसला नाही. मी इथे आलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी मला खेळ समजावला तो बेंचच्या नावाने. ओक्लाहोमातल्या बिंजरसारख्या चिमुकल्या गावातून आलेला पोरगा विसाव्या वर्षी रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवोदित) होतो, याला मी मोठेपण म्हणतो.

पसेइककाठ
गोल्ड ग्लोव्ह सुरूच झाले १९५७ ला! तेव्हा योगी बत्तिशीचा. जे बक्षीस अस्तित्वातच नव्हतं ते न मिळाल्याचा दोष त्याला कसा देता? आणि जुलै १९५७ ते मे १९५९ सलग १४८ सामने कॅचर म्हणून एकही एरर (क्षेत्ररक्षणातली चूक) नाही, हे सोयीस्करपणे गाळलंत.

गुळवेल
कुणी नावाबद्दल बोलणार आहे का? बॅटिंगची वाट बघत बेरा मांडी घालून बसायचा. चित्रपटात भारतातला योगी बघून आलेल्या एका मित्राने त्याला ते नाव चिकटवलं. माझ्या ऑफिसात ‘योगी’ म्हटलं की लोकांना आधी कार्टूनमधलं अस्वल आठवतं, मग बेरा. मूळ शब्द कुणालाच नाही. मला याचं वाईट वाटतं.

शिवाजीपार्क_नेट्स
पसेइककाठ, तुमच्या बाबांनी एका वाक्यात सगळं सांगितलं. पण मग आपल्या कीपरांचं काय? योगीच्याच काळात आपले नरेन ताम्हाणे सुभाष गुप्त्यांना कीपिंग करत होते. २१ कसोटी, ५१ बळी, त्यात १६ स्टंपिंग. किती मराठी पोरांना हे नाव माहीत आहे? आणि इथे योगी की बेंच यावर झोपा उडतायत.

सिनसिनाटीकर
झालं, आलं क्रिकेट! साहेब, विकेटकीपर आणि कॅचर एक नाहीत. कीपर आलेला चेंडू घेतो. कॅचर कुठला चेंडू टाकायचा ते ठरवतो, बोटांनी खूण करतो. ताम्हाणे गुप्त्यांना सांगत होते का गुगली टाका म्हणून?

शिवाजीपार्क_नेट्स
“आलेला चेंडू घेतो”? तुम्ही कधी कीपिंग केलंय? मी मुंबईच्या कांगा लीगमध्ये सात पावसाळे केलंय. ओली, न झाकलेली खेळपट्टी, लेगस्पिनर, आणि चेंडू कधी घोट्याला तर कधी गळ्याला. उजव्या हाताची दोन बोटं आजही सरळ होत नाहीत. आमचा बोलर धावायच्या आधी मनगट घासायचा, ती गुगलीची खूण. खूण उलट दिशेने, बोलरकडून कीपरकडे, एवढाच फरक. फलंदाजाचे पाय वाचून बोलरला काय टाकायचं ते षटकाषटकाला मीच सांगायचो. बसल्या जागेवरून आमची किंमत करू नका.

सिनसिनाटीकर
तुमच्या बोटांबद्दल मी काहीच बोललो नाही. दोन्ही कामांतला फरक सांगितला. एवढं चिडायचं कारण नाही.

पसेइककाठ
फरक आहे, हे मात्र मलाही मान्य. लार्सनने स्वतः सांगितलंय की त्या दिवशी त्याने योगीची एकही खूण नाकारली नाही. ९७ चेंडू, २७ फलंदाज, प्रत्येक वेळी योगीचं बोट. कीपरला एवढा अधिकार नसतो. पण हे बेंचच्या नव्हे, योगीच्या बाजूने जातं.

दोन_मुलांची_आई
खुणांचं चाललंय म्हणून लिहिते. माझा मुलगा बारा वर्षांचा, कॅचर. खुणा तो ठरवत नाही, बाकावरून कोच ठरवतात. गेल्या मोसमात पिचरने जमिनीवर आपटलेला चेंडू त्याच्याकडून सुटला, धाव गेली, आणि पुढच्या तीन सामन्यांत त्याला राइट फील्डला (मैदानाच्या दूरच्या उजव्या भागात) उभं केलं. एका शब्दाने कारण सांगितलं नाही. गुडघ्यांना बर्फ मी लावते. घरी येऊन तो विचारतो, “आई, चेंडू त्याचा होता ना?” योगीला पहिल्यांदा आणला तेव्हा तोही कच्चाच होता ना? यांकीजचा जुना कॅचर बिल डिकी याने बसवून शिकवला. तसं शिकवणारं कुणी असतं तर! तुमच्या आकड्यांत मला एवढंच दिसतं.

शिवाजीपार्क_नेट्स
ताई, त्याला भिंतीवर टेनिस बॉल मारून एका टप्प्यावर घ्यायला सांगा, रोज शंभर. छातीने अडवायचा, हाताने पकडायचा नंतर. मीही तसाच शिकलो. आणि त्याला सांगा, चेंडू पिचरचा होता.

सिनसिनाटीकर
राइट फील्डचं वाचून वाईट वाटलं. सुटलेला चेंडू एकट्या कॅचरच्या नावावर टाकणं चूकच. बेंच एका हाताने पकडायचा, दुसरा हात पाठीमागे सुरक्षित. त्याला तेही दाखवा.

पसेइककाठ, १९५७ चा मुद्दा मला माहीत नव्हता. गोल्ड ग्लोव्हची तुलना मागे घेतो. १९५४ चंही मान्य. ‘जाहिरातीतला म्हातारा’ मागे घेतो. पण जुलै २०१५ मध्ये सिनसिनाटीत झालेल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्याआधी हयात महान खेळाडू म्हणून चाहत्यांच्या मतांवर एरन, बेंच, कोफॅक्स आणि मेज हे चौघे उभे केले, तो मान बेंचचाच होता. ते मागे घेणार नाही.

पसेइककाठ
तेव्हा योगी नव्वद वर्षांचा होता आणि जिवंत होता. दहा अंगठ्या असलेला माणूस त्या चौघांत नाही, याचा सल मला आजही आहे. दोन महिन्यांनी, २२ सप्टेंबरला गेला. १९४६ मध्ये याच तारखेला तो यांकीजकडून पहिला सामना खेळला होता. बेंचला त्या रांगेतून काढा असं मी कधीच म्हटलं नाही. पाचवा माणूस उभा करायला मैदानात जागा होती.