अनुभव धागा : ‘घाचर घोचर’ वाचून तुमचं काय झालं?

विवेक शानभागांची ही कानडी कादंबरी सध्या आमच्या वाचणाऱ्यांत हातोहात फिरतेय. शे-सव्वाशे पानं. बेंगळुरूचं एक एकत्र कुटुंब, चिक्कप्पांनी, म्हणजे निवेदकाच्या धाकट्या काकांनी, काढलेला सोना मसाल्याचा धंदा, आणि त्या पैशावर निवांत बसलेला, नाव नसलेला निवेदक. ना पोलीस, ना पंचनामा. तरी पुस्तक संपल्यावर रात्री अकराला दोघांचे फोन आले, “शेवटी नेमकं झालं काय रे?” म्हणून विचारतोय. या किंवा दुसऱ्या कुठल्या कादंबरीनं असं बेसावध गाठलं असेल तर लिहा. कानडीतून वाचा नाहीतर श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादातून. शेवट मात्र फोडायचा नाही. फोडेल त्यानं पावशेर कुंदा आणायचा.

खानापूरहून

आमचं शिक्षण मराठी शाळेत, कानडी फक्त पेपरापुरतं. त्यामुळं मी अडखळत, एकेक वाक्य चघळत वाचली. त्यात मुंग्यांचं प्रकरण आलं. जुन्या, एका ओळीत खोल्या असलेल्या घरात मुंग्यांनी उच्छाद मांडलेला. आधी नुसता वैताग, मग सगळं घर मुंग्या चिरडायला लागतं आणि हळूहळू त्यात त्यांना मजा यायला लागते. बसमध्ये वाचत होतो, हसूच आलं. आमच्या पावसात कुणाच्या घरात मुंग्या नसतात? पण पुढं हीच माणसं घरावर आलेलं कुठलंही संकट ज्या पद्धतीनं निस्तरतात, ते बघून अंगावर काटा आला. लेखकानं सगळं आधीच सांगून ठेवलंय, आपलं लक्ष नसतं एवढंच.

शहापूरहून

आमच्या घरात एके काळी माग होते. धाकट्या दिरांनी धंदा वाढवला आणि हळूहळू सगळं घर त्यांच्या तोंडाकडं बघायला लागलं. त्यामुळं चिक्कप्पांच्या ताटात आधी वाढणं, त्यांच्या झोपेच्या वेळी कुणी आवाज न करणं, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

दारात येणाऱ्या त्या बाईचा प्रसंग आठवा. चिक्कप्पांसाठी मसुराच्या डाळीचा डबा घेऊन ती उभी आहे. मसूर म्हटल्यावर आम्हा बेळगावकरांचं मन आधीच पाघळतं! तिला घरातल्या बायका ज्या भाषेत हाकलतात, ते वाचताना मी चक्क त्यांच्या बाजूनं होते. कोण कुठली बाई, घर मोडायला आलीय, असंच वाटलं. मग घरची सून, निवेदकाची बायको अनिता, तोंड उघडते, आणि लक्षात येतं की त्या दारात लेखकानं आपल्यालाही आतल्या बाजूला उभं केलंय. खून कुणी केला हे शेवटी कळणाऱ्या कादंबऱ्या पुष्कळ वाचल्यात. आपण कुणाच्या टोळीत होतो हे कळणारी ही पहिलीच.

संध्याकाळी तांदूळ निवडताना सासूबाईंनी विचारलं, “काय वाचूलालीस एवढं?” मी गोष्ट सांगितली. अनिता माहेरी हैदराबादला गेलीय, इथपर्यंत आले. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“मग ती पोचली काय न्हाई घरात?”

“ते लिहिलेलं नाही, आई.”

“मग न्हाई पोचली.” आणि परत खडे वेचायला लागल्या.

(कुंदा कुणी आणायचा, मी की सासूबाईंनी?)

निपाणीहून

सगळे नाचताहेत म्हणून स्पष्ट लिहितो. मला ही थ्रिलर वाटलीच नाही. तंबाखूच्या वखारींच्या गावात वाढलोय, पैसा आल्यावर घरं कशी बदलतात ते लहानपणापासून बघतोय, त्यात धक्का कसला? शेवटी तर लेखकानं वाचकावर सोडून हात झटकलेत. न सांगता सांगणं आम्हाला ठाऊक आहे हो, कथाकार जी. ए. कुलकर्णी आमच्या शेजारच्या एकसंब्यात जन्मलेत. पण रहस्य म्हटलं की उत्तर हवं. कॉफी हाउसचा वेटर व्हिन्सेंट तेवढा आवडला. दोन शब्द बोलतो आणि निवेदकाला वाटतं, ह्याला सगळं कळलंय.

टिळकवाडीहून

मी शिक्षिका होते, आता निवृत्त. माझा धक्का जुना आहे : अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’, 1926 सालची. आपल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयातून, 1848 पासूनच्या त्या संस्थेतून, आणलेली प्रत. गोष्ट डॉ. शेपर्ड सांगतात, तपास गुप्तहेर पॉयरो करतो, यापुढं एक अक्षर बोलणार नाही. संपल्यावर रागानं पुस्तक मिटलं आणि कुठं फसवलं ते पकडायला पुन्हा पहिल्यापासून वाचलं. खोटं एकही वाक्य सापडलं नाही! पोस्टातल्या माणसानं पत्र न फोडता आतला मजकूर लपवावा तसं. शानभागांचा निवेदक त्याच जातीचा, फक्त हा स्वतःपासूनही लपवतो.

पुन्हा खानापूरहून

निपाणीकर, उत्तर हवं ना? घरची मंडळी चहा पिता पिता खुनाबद्दल किती सहज गप्पा मारतात, ती पानं परत काढा. कोण काय बोलतं त्यापेक्षा निवेदक काय बोलत नाही ते बघा. मग सांगा, हात लेखकानं झटकलेत की त्यानं.