मदत हवी आहे: दोन मिनिटांची माणसं लाकडी, आणि लिंबाचा दर वेळी चिखल

मंडळी, चित्रं काढणाऱ्यांना एक विचारायचंय. थोडं लांबेल, पण तपशील दिल्याशिवाय काय बिघडतंय ते तुम्हाला कळणार नाही.

साडेचार महिने झाले, रोज सकाळी अर्धा तास टायमर लावून फिगर (माणसाची आकृती) काढते आहे. प्रत्यक्ष मॉडेल मिळत नाही, म्हणून स्क्रीनवर पोझचे फोटो लावते, ते आपोआप बदलत राहतात. ३० सेकंदांच्या दहा, १ मिनिटाच्या पाच, २ मिनिटांच्या पाच आणि शेवटी ५ मिनिटांच्या दोन, असा क्रम. कागद ए३, पेन्सिल २बी. रविवारी दोन तास तैलरंगात छोटं स्थिरचित्र करते, ६ बाय ६ इंचाच्या गेसो (रंगाखालचा पांढरा लेप) लावलेल्या बोर्डवर. वस्तू अगदी साध्या: एक लिंबू, एक पांढरा कप, क्वचित काचेची बाटली.

आता रडगाणं. ३० सेकंदांत डोकं, मान आणि एक खांदा होतो की टायमर वाजतो. २ मिनिटांत सगळं शरीर येतं, पण माणूस दुकानातल्या पुतळ्यासारखा ताठ. पावलं बहुतेक वेळा कागदाबाहेर. ५ मिनिटांची चित्रं तर याहून वाईट, कारण पुतळा तोच, वर केस आणि शेडिंग.

रंगवताना वेगळाच प्रकार. पहिल्या अर्ध्या तासात चित्र बरं दिसतं. मग मी 'जरा नीट करते' म्हणून हात लावत जाते आणि दीड तासाने लिंबू शेवाळल्यासारखं, कप करडा. मध्यंतरी कमी रंगांत काम करा असं वाचलं, म्हणून यलो ऑकर (मातकट पिवळा), लाल, काळा आणि पांढरा एवढेच चार रंग ठेवले. चिखल कायम आहे.

प्रश्न दोन. टायमर लावून काढण्याचा मला काही उपयोग होतोय का, की नुसती वह्या भरते आहे? आणि छोट्या चित्रात कुठे थांबायचं हे कसं ओळखता? सरावाची पद्धत बदलायची तयारी आहे. 'करत राहा, येईल' सोडून काहीही सांगा :)

प्रतिसाद १

एकच प्रश्न. कागदावर पहिली रेघ कशाची पडते?

धागाकर्ती

डोक्याचा गोल. मग मान, खांदे, हात, असं खाली खाली. आणि तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं, लिंबात मी सगळ्यात आधी चमक रंगवते. ती सगळ्यात छान दिसते ना!

प्रतिसाद १

मग रोग दोन्हीकडे एकच. तुकड्यापासून सुरुवात करून त्याला पुढचे तुकडे जोडत जाता. फिगरचं मी सांगतो, रंगांचं दुसरं कुणी सांगेल.

टायमर सुरू झाला की पहिले पाच सेकंद हात लावू नका, ३० सेकंदांची पोझ असली तरी. त्या पाच सेकंदांत एवढंच बघा की वजन कुठल्या पायावर आहे. उभा माणूस एका पायावर रेलला की त्या पायाकडची कंबर वर जाते आणि बहुतेक वेळा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. हे दोन उतार एकमेकांच्या उलट पडले की माणूस रेललेला दिसतो. तुमच्या पुतळ्यांमध्ये ते समांतर असणार, तुमची चित्रं न बघता पैजेवर सांगतो.

दुसरी गोष्ट गवंडी करतो ती. गळ्याच्या खळगीतून मनातल्या मनात ओळंबा सोडा. एका पायावर वजन असलेल्या पोझमध्ये तो त्या पायाच्या घोट्याच्या आसपास पडतो. म्हणजे खळगी आणि घोटा या दोन खुणा आधी कागदावर करून टाकल्या की पावलं कागदाबाहेर जायचा प्रश्नच मिटला. माणूस त्या दोन खुणांच्या मध्ये बसवायचा, डोकं नंतर. चेहरा आणि बोटं ३० सेकंदांत काढायचीच नाहीत.

उतार दिसतच नसतील तर उठून स्वतः तशी पोझ घ्या. कुठला पाय भरून येतो, कंबर कुठे दुखते ते शरीर सांगतं. घरचे हसतात, हसू दे.

आणि ती २बी पेन्सिल काही दिवस ठेवून द्या. तिच्या टोकाने माणूस कडेकडेने आखत बसतो. चारकोलची (चित्रकलेच्या कोळशाची) कांडी आडवी धरा, खांद्यापासून हात फिरवा. चारकोलने पापण्या काढता येत नाहीत, तेवढा वेळ आपोआप वाचतो.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त ३० सेकंदांवरून माझं मत उलटं आहे. चूक माहीत नसताना दहा वेळा घाईने केलेली चूक दहापट पक्की होते. महिनाभर ३० सेकंद आणि १ मिनिट बंद करा. २ मिनिटांच्या पाच काढा आणि उरलेली २० मिनिटं एकाच पोझला द्या. पहिली दोन मिनिटं प्रतिसाद १ म्हणतात तशी, पुढची अठरा नुसती तपासायला: डोक्याच्या उंचीच्या किती पटीत शरीर येतंय (उभा प्रौढ माणूस साधारण साडेसात), कोपर कमरेच्या वर की खाली, हात आणि धड यांच्यामधल्या रिकाम्या जागेचा आकार कसा आहे. ती रिकामी जागा काढून बघाच. हाताबद्दलच्या आपल्या समजुती तिथे लागू होत नाहीत, त्यामुळे हात बरोबर येतो.

फोटोंबद्दल सावध. कॅमेरा जवळ असला की पुढे आलेला गुडघा डोक्याएवढा दिसतो आणि आपण तो इमानदारीने तसाच काढतो. आठवड्यातून एकदा तरी घरात वाचत बसलेलं माणूस काढा. ते हलतं, हीच त्यातली गंमत.

प्रतिसाद ३

रंगांचं मी घेते.

आधी ते चार रंग. हे पॅलेट स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखलं जातं. त्वचेसाठी सुंदर आहे. लिंबासाठी नाही, कारण त्यात पिवळा म्हणजे ऑकर, आणि ऑकर कितीही पांढरा घालून लिंबाइतका झगमगत नाही. वर सावलीसाठी तुम्ही त्यात काळा घातला असणार. काळ्याचा कल निळ्याकडे असतो, पिवळ्यात पडला की ऑलिव्ह हिरवा होतो. तुमचं शेवाळ ते हेच. एक लेमन यलो घ्या, आणि लिंबाची सावली बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) व चिमूटभर जांभळ्याने गडद करा.

आता क्रम. बोर्डला हात लावण्याआधी पॅलेट नाइफने पाच ढीग मिसळा: लिंबाची उजेडाची बाजू, लिंबाची सावलीची बाजू, टेबल, मागची भिंत, टेबलावर पडलेली सावली. डोळे किलकिले करून ढीग एकमेकांशेजारी ठेवून बघा. सगळ्यात गडद कुठला, सगळ्यात उजळ कुठला हे इथेच ठरलं पाहिजे. मग अर्धा इंचाच्या चपट्या ब्रशने पाचही ढीग आपापल्या जागी लावा, पहिल्या वीस मिनिटांत बोर्ड पूर्ण झाकला गेला पाहिजे. चमक सगळ्यात शेवटी, एकच ठिपका, आणि त्याला परत हात लावायचा नाही.

कप करडा होतो कारण पांढरा तुम्ही सुरुवातीलाच खर्च करता. पांढऱ्या कपाची सावलीची बाजू बरीच गडद असते, कित्येकदा मागच्या उजळ भिंतीहूनही. ती हिंमत करून गडद लावली की उजेडाकडचा भाग आपोआप पांढरा वाटतो.

एखादा फटकारा चुकला तर त्यावर दुसरा चढवू नका. ओल्या रंगावर ओला रंग घासत राहिलं की खालचा वर येतो. नाइफने खरवडा आणि नव्याने लावा.

उजेड कसला घेता? खिडकीचा असेल तर दोन तासांत सावली सरकते आणि तुम्ही नकळत तिच्या मागे धावता. पुठ्ठ्याच्या खोक्यात वस्तू मांडा, एकाच बाजूने एक दिवा, बस्स.

थांबण्याबद्दल: टायमर इथेही लावा. ५० मिनिटं. फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांचं १८८० मधलं एकट्या लिंबाचं चित्र आहे, अवघं १४ बाय २२ सेंटिमीटर. जमल्यास त्याची छबी मोठी करून बघा, किती फटकारे दिसतात ते मोजा.

प्रतिसाद ४

वाचनखूण साठवली. शेवाळलेलं लिंबू माझ्याकडेही आहे, आता कारण कळलं.

धागाकर्ती

तीन आठवड्यांनी परत आले, सगळ्यांचे आभार.

पैज हरले. जुन्या वहीतली चाळीसेक चित्रं काढून बघितली, खांदे आणि कंबर जवळपास सगळीकडे रुळांसारखे समांतर! पुढच्या प्रत्येक कागदावर आधी खळगी आणि घोट्याची खूण केली. पहिला आठवडा भयंकर गेला, चारकोलने हात, बाही, नाक सगळं काळं. दुसऱ्या आठवड्यात एका २ मिनिटांच्या पोझमध्ये डोकं काढायचं राहूनच गेलं, आणि तरीही बाई डाव्या पायावर रेलून कुणाची तरी वाट बघतेय हे कळत होतं. तो कागद भिंतीवर लावलाय. प्रतिसाद २ चं ऐकून ३० सेकंद बंद केलेत, सध्या तरी चुकल्यासारखं वाटत नाही.

लिंबू: खोकं आणि दिवा यांनी निम्मं काम केलं. पाच ढीग मिसळायलाच २५ मिनिटं गेली आणि तिथे कळलं की माझा 'टेबलाचा' आणि 'सावलीतल्या लिंबाचा' ढीग इतके दिवस एकाच गडदपणाचा होता, म्हणून लिंबू टेबलात विरघळायचं. ५० मिनिटांचा टायमर वाजला तेव्हा कपाचा कान राहिला होता. तो तसाच ठेवला. बिनकानाचा कप आहे, पण पांढरा आहे. काचेच्या बाटलीच्या वाटेला अजून गेले नाही.

आता नवी अडचण. घरात वाचत बसलेल्या माणसाला काढत होते. बाराव्या मिनिटाला त्यांनी एका पायावरचा पाय काढून दुसऱ्यावर टाकला. मी नवा पाय काढला, जुना तसाच राहिला, आता चित्रात तीन पाय आहेत. जुना खोडू का?

प्रतिसाद १

खोडू नका. जुना पाय किती सेकंदांत काढला होता आणि नवा किती, ते आधी सांगा.

धागाकर्ती

जुन्याला चार-पाच मिनिटं तरी गेली असतील. नवा ते पुन्हा हलतील या भीतीने अर्ध्या मिनिटात.

प्रतिसाद १

आणि बरा कुठला दिसतो?

धागाकर्ती

...नवा. उद्यापासून ३० सेकंद परत सुरू करते. प्रतिसाद २, सॉरी.

प्रतिसाद २

महिना व्हायला अजून एक आठवडा आहे, ताई :)