आक्रमणाचा प्रशिक्षक नेमके काय करतो? (संदर्भ : माइक लीच)

गोदाकाठ

नमस्कार. माझी मुलगी गेल्या वर्षापासून टेक्सासमधील लबक या गावी, टेक्सास टेक विद्यापीठात शिकते आहे. रविवारी तिचा फोन आला की निम्मा वेळ आदल्या दिवशीच्या फुटबॉल सामन्यातच जातो. आपल्याकडचा पायाने खेळायचा नव्हे, तर हेल्मेट घालून खेळायचा. तिच्या नादाने मीही सामने पाहू लागलो आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, एवढे गणित आता डोक्यात बसले आहे. मात्र मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली आक्रमणाचा एक वेगळा प्रशिक्षक असतो, ज्याला तिथे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात, त्याचे काम आणि त्याची बढतीची वाट मला उमगलेली नाही.

तिच्या विद्यापीठात अजूनही माइक लीच यांचे नाव निघते. हे गृहस्थ महाविद्यालयीन फुटबॉल कधी खेळलेच नव्हते आणि शिक्षणाने वकील होते, असे ती सांगते. आपल्याकडे निदान रणजीपर्यंत खेळल्याखेरीज प्रशिक्षक म्हणून कोणी उभे करत नाही, असा माझा समज आहे. मग हा मनुष्य तिथवर पोचला कसा? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

डॅलसचा डोंबिवलीकर

गोदाकाठ, प्रश्न चांगला आहे, म्हणून थोडे ऐसपैस लिहितो. आधी तुमच्या समजाला एक छोटासा धक्का देतो : आपल्या आचरेकर सरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना होता.

आता कामाविषयी. या खेळात प्रत्येक चालीनंतर खेळ थांबतो आणि पुढची चाल साधारण चाळीस सेकंदांत सुरू करावी लागते. कोणती चाल खेळायची हे ठरवून ती मैदानावरच्या क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधारापर्यंत, पोचवणे हे कोऑर्डिनेटरचे शनिवारचे काम. २०२४ पासून मोठ्या महाविद्यालयीन संघांत क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये बिनतारी यंत्र बसवायला परवानगी मिळाली. त्याआधी हा सारा कारभार हातवारे आणि चित्रांचे फलक यांवर चालत असे. आठवड्याचे उरलेले दिवस प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफिती पाहणे, सराव आखणे आणि शाळाशाळांतून पुढच्या वर्षीचे खेळाडू हेरणे यांत जातात.

बढतीची नेहमीची वाट अशी की, माणूस आधी पदव्युत्तर शिक्षण घेता घेता पडेल ते काम करतो, मग रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) किंवा क्वार्टरबॅक अशा एखाद्या गटाचा प्रशिक्षक होतो, नंतर कोऑर्डिनेटर आणि नशीब असेल तर मुख्य प्रशिक्षक. लीच यांनी हीच वाट धरली, फक्त फारच आडबाजूने. त्यांचा जन्म १९६१ चा, बालपण वायोमिंगमधील कोडी या गावी. युटामधील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकताना ते रग्बी खेळले. पण तिथला फुटबॉल संघ लाव्हेल एडवर्ड्स यांच्या हाताखाली त्या काळी ज्या मोकळेपणाने चेंडू फेकत असे, ते त्यांनी प्रेक्षकांत बसून पाहिले आणि ते त्यांच्या मनात घर करून राहिले. १९८६ मध्ये पेपरडाइन विद्यापीठाची कायद्याची पदवी हातात आली, तरी वकिलीचा झगा काही अंगावर चढला नाही. पुढच्याच वर्षी ते कॅलिफोर्नियात एका संघाचे साहाय्यक झाले आणि १९८९ मध्ये चक्क फिनलंडमधील पोरी येथील संघाला शिकवून आले.

खरे वळण त्याच वर्षी आयोवा वेस्लियन या लहानशा महाविद्यालयात आले. तिथे हॅल मम्मी मुख्य प्रशिक्षक होते. या दोघांनी एडवर्ड्स यांच्या पद्धतीचा गाळ काढून मोजक्या चालींचे आक्रमण घडवले. त्यालाच पुढे ‘एअर रेड’ म्हणू लागले. तिथून जॉर्जियातील वॅल्डोस्टा स्टेट आणि १९९७ मध्ये केंटकी विद्यापीठ, असा दोघांचा प्रवास बरोबरच झाला. त्या वर्षी केंटकीने अलाबामाला हरवले, ते १९२२ नंतर पहिल्यांदा. आणि त्यांचा क्वार्टरबॅक टिम काउच १९९९ च्या व्यावसायिक निवडीत पहिल्या क्रमांकावर गेला.

इथे या पेशातली एक मौज पाहा. बॉब स्टूप्स तेव्हा फ्लोरिडाचे बचावाचे प्रशिक्षक होते. केंटकीच्या आक्रमणाला तोंड देताना किती तारांबळ उडते हे त्यांनी स्वतः अनुभवले होते, म्हणून ओक्लाहोमाचे मुख्य प्रशिक्षकपद मिळताच त्यांनी लीच यांनाच कोऑर्डिनेटर म्हणून बोलावले. ज्याने आपल्याला छळले त्यालाच घरात घ्यावे, हा हिशेब तिथे सर्रास चालतो. लीच तिथे १९९९ चा एकच हंगाम राहिले, पण युटामधल्या एका दोन वर्षांच्या महाविद्यालयातून त्यांनी आणलेला क्वार्टरबॅक जॉश ह्यूपेल याने पुढच्याच वर्षी ओक्लाहोमाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. तोवर लीच लबकला मुख्य प्रशिक्षक म्हणून रुजू झाले होते. दहा हंगामांत ८४ विजय आणि ४३ पराभव, हा त्यांचा तिथला जमाखर्च. कन्येला २००८ चा टेक्सासविरुद्धचा, म्हणजे ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाविरुद्धचा, सामना शोधून पाहायला सांगा. टेक्सास तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर होते आणि अवघा एक सेकंद शिल्लक असताना ग्रॅहम हॅरेलने मायकेल क्रॅबट्रीकडे फेकलेल्या चेंडूवर टेकने ३९-३३ असा विजय मिळवला.

तिरकी रेघ

वरील प्रतिसादात चालींविषयी एकच वाक्य आले आहे, म्हणून थोडी भर घालतो. ‘मेश’ ही लीच यांची सर्वांत लाडकी चाल. दोन रिसीव्हर मैदानाच्या दोन कडांकडून आतल्या बाजूला धावत येतात आणि हाताला हात लागेल इतक्या जवळून एकमेकांना ओलांडतात. त्यांच्या मागे लागलेले बचावपटू तिथे समोरासमोर अडकतात. गर्दीच्या वेळी दादरच्या पुलावर दोन्ही बाजूंनी लोंढे आले आणि आपण कोणाच्या तरी मागोमाग जाऊ पाहत असलो की जे होते, तेच. चेंडू फेकण्याचे अंतर पाच-सहा यार्डांचेच असते, पण झेलणाऱ्यापुढे मोकळे रान असते. याच्या जोडीला क्वार्टरबॅकच्या रक्षणाला उभ्या राहणाऱ्या धिप्पाड गड्यांमध्ये ते नेहमीपेक्षा बरेच जास्त, तीन तीन फुटांचे अंतर ठेवत, जेणेकरून बाजूने धावून येणाऱ्याला लांबचा वळसा पडावा. बघणाऱ्याला ती भिंत खिळखिळी वाटते. पण वळसा घालता घालता चेंडू निघून गेलेला असतो.

इतर प्रशिक्षक हॉटेलातल्या मेनूकार्डाएवढा, दोन्ही बाजूंनी रंगवलेला तक्ता हातात धरून उभे असतात. लीच यांच्या हातात मात्र घडी घातलेला साधा कागद असे. चाली थोड्या, सराव मात्र त्याच त्याच चालींचा अखंड, आणि समोरचा बचाव पाहून ऐनवेळी चाल बदलण्याची क्वार्टरबॅकला मुभा, एवढ्यावर संसार.

कागदावरून आठवले. १९९९ मध्ये डॅलसला टेक्सासविरुद्धच्या सामन्याआधी त्यांनी सुरुवातीच्या चालींची खोटी यादी तयार करून, ती प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागेल अशा बेताने मैदानावर टाकवली. ती सापडलीही, खरी मानलीही गेली आणि ओक्लाहोमाने बघता बघता १७-० अशी आघाडी घेतली. तरीही शेवटी टेक्सासच ३८-२८ ने जिंकले, हे सांगायचे मात्र सगळे विसरतात.

पंचाची शिट्टी

दोन्ही प्रतिसाद वाचनीय आहेत, परंतु त्यांत भक्तिभाव अंमळ जास्त झाला आहे. पहिला मुद्दा, या पद्धतीचे मूळ श्रेय मम्मी यांचे आहे आणि लीच यांच्या प्रसिद्धीपुढे ते झाकोळले, असे माझे मत आहे. दुसरा मुद्दा घड्याळाचा. या खेळात फेकलेला चेंडू कोणी झेलला नाही की घड्याळ थांबते. चेंडू घेऊन धावले की बहुधा चालू राहते. त्यामुळे आघाडी मिळाल्यावर शहाणा प्रशिक्षक धावण्याच्या चाली खेळून वेळ खातो. लीच तेव्हाही फेकतच राहत. म्हणून पिछाडीवरून जिंकणे त्यांना जमे (२००६ च्या इन्साइट बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात मिनेसोटाविरुद्ध ३८-७ असे मागे असताना टेकने ४४-४१ असा सामना काढला), पण हातचा सामना घालवणेही जमे. वॉशिंग्टन स्टेटला असताना २०१९ मध्ये यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाविरुद्ध ४९-१७ अशी आघाडी होती आणि ते ६७-६३ असे हरले. ६३ गुण करून हरणारा प्रशिक्षक आक्रमणाचा मोठा आणि संघाचा मध्यम, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

शिवाय लबकहून त्यांची गच्छंती कशी झाली, हे डोंबिवलीकरांनी गाळले आहे. डोक्याला मार लागलेल्या एका खेळाडूला दिलेल्या वागणुकीवरून २००९ च्या डिसेंबरात विद्यापीठाने त्यांना काढले. त्यांनी आरोप अमान्य केले, विद्यापीठावर दावाही लावला. पण राज्याच्या संस्थेवर तसा दावा चालत नाही, या मुद्द्यावर तो अडला. कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावे, याची मला गंमत वाटते.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मुलीला मेशविषयी सांगितले तेव्हा ती म्हणाली, “बाबा, हे तुम्हाला कोणी शिकवलं?” आता एकच शंका उरली आहे. लीच यांनी राष्ट्रीय विजेतेपद कधीच जिंकले नाही, मग इतक्या वर्षांनी त्यांचे नाव का घेतले जाते?

डॅलसचा डोंबिवलीकर

शिट्टीसाहेबांचा घड्याळाचा मुद्दा मान्य आहे आणि गच्छंतीचा उल्लेख करायला हवा होता, हेही मान्य. मम्मी यांच्याबाबत मात्र एवढेच म्हणेन की पद्धत दोघांची होती, पण तिचा शिष्यपरिवार मुख्यतः लबकला वाढला.

गोदाकाठ, तुमच्या शंकेचे उत्तरही त्यातच आहे. लिंकन रायली नावाचा मुलगा २००३ मध्ये टेकच्या संघातून वगळला गेला, तेव्हा लीच यांनी त्याला विद्यार्थी-साहाय्यक म्हणून ठेवून घेतले. तो २०१७ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ओक्लाहोमाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि त्याच्या दोन क्वार्टरबॅकनी लागोपाठ दोन वर्षे हाइसमन पारितोषिक, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा मान, पटकावले. लीच यांचाच क्वार्टरबॅक क्लिफ किंग्जबरी पुढे टेकचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली विद्यार्थी-साहाय्यक असलेला झॅक किटली २०२१ मध्ये वेस्टर्न केंटकीचा कोऑर्डिनेटर होता, आणि तिथल्या बेली झॅपीने एका हंगामात ५,९६७ यार्ड फेकून जो विक्रम मोडला, तो टेकच्याच बी. जे. सायमन्सने २००३ मध्ये लीच यांच्या हाताखाली ५,८३३ यार्डांचा केलेला होता.

लीच स्वतः मिसिसिपी स्टेटचे प्रशिक्षक असतानाच १२ डिसेंबर २०२२ रोजी हृदयविकारातून उद्भवलेल्या गुंतागुंतीने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी गेले. एकूण १५८ विजय, १०७ पराभव. महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी प्रशिक्षकाने निदान साठ टक्के सामने जिंकलेले असावेत, असा नियम होता आणि यांचे ५९.६ भरतात. त्यावरून बरीच वर्षे कुरबूर चालली आणि २०२५ मध्ये ती मर्यादा ५९.५ वर आणण्याचा निर्णय झाला.

पंचाची शिट्टी

आत्ताच कागदावर गणित मांडून पाहिले. १०७ पराभवांपैकी एक जरी विजय असता, तर २६५ पैकी १५९, म्हणजे बरोबर साठ टक्के झाले असते. यूसीएलएच्या त्या रात्री शेवटच्या भागात चार वेळा चेंडू घेऊन नुसते धावायला सांगितले असते, तर नियम बदलायची गरज पडली नसती.