डबल ट्रेलर घेऊन फाटक ओलांडताना भाच्याला नेमकं काय सांगू?

रानमळा_सातारा

नमस्कार मंडळी. माझा स्वतःचा ट्रॅक्टर आहे, हंगामात दोन ट्रेलर लावून कारखान्याला ऊस टाकतो. वाटेत पुणे-मिरज लाइनचं फाटक लागतं. यंदापासून गाडी भाच्याच्या हातात देणार आहे. वय वीस, लायसन झालंय, हात चांगला आहे. पण त्या फाटकाची धास्ती माझ्या मनातून जात नाही.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. पहाटे साडेपाचचा सुमार, धुकं. फाटक उघडं होतं. पुढं उसाचीच एक गाडी गेली, तिच्या मागं मीही चढलो. ट्रॅक्टर पलीकडं गेला आणि पुढची गाडी थांबली, कारण तिच्यापुढं दुधाचा टेम्पो वळत होता. माझा पुढचा ट्रेलर एका लाइनीवर, मागचा दुसऱ्या लाइनीवर. मागच्यावर मोळ्यांच्या वर टोळीतल्या दोन बाया आणि गोधडीत गुंडाळलेलं तीन वर्षांचं पोर.

गेटमन लाल बत्ती हलवत आला. टेम्पो हलला तशी मी घाईत क्लच सोडला. असा हिसका बसला, की मागच्या पिनेची खिट्टी तुटली, पिन उडाली आणि तो ट्रेलर रुळावरच राहिला. पोराला गेटमननं स्वतः वर हात करून खाली घेतलं. पिन शोधून, ट्रॅक्टर मागं घेऊन, पुन्हा जोडून निघेपर्यंत सात-आठ मिनिटं गेली. लांब कुठंतरी गाडी उभी राहून शिट्टी मारत होती. ती शिट्टी अजून झोपेत ऐकू येते.

बारा हंगाम मी एवढंच धरून चाललो, की फाटक उघडं म्हणजे निघायचं. भाच्याला तेवढंच सांगून भागणार नाही हे आता कळतंय. जाणकारांनी सांगावं.

गेटमन_निवृत्त

दादा, ३१ वर्षं फाटकावर काढली, म्हणून सविस्तर लिहितो.

ती रेल्वेगाडी लांब उभी राहिली ती का, ते आधी समजून घ्या. सिग्नलला जोडलेल्या फाटकात, फाटक पडून कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल देताच येत नाही. तुमचा ट्रेलर मध्ये होता, फाटक पाडता येत नव्हतं, म्हणून सिग्नल लाल राहिला. त्या दिवशी बायापोरं वाचली ती या जोडणीमुळं. पण सगळीच फाटकं अशी जोडलेली नसतात. काही ठिकाणी स्टेशनमास्तर आणि गेटमन यांच्यात फोनवर प्रायव्हेट नंबर, म्हणजे खात्रीचा सांकेतिक आकडा, घेऊन-देऊन काम चालतं. तिथं माणूस चुकला की अडवणारं दुसरं काही नाही. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमच्या फाटकात शाळेच्या व्हॅनला गाडीनं धडक दिली, तीन विद्यार्थी गेले. तिथं गेटमन होता, फाटक मात्र सिग्नलला जोडलेलं नव्हतं. म्हणून फाटक उघडं असलं तरी मान दोन्हीकडं वळलीच पाहिजे.

आता तुमची खरी चूक. तुम्ही समोरचं फाटक बघितलं, पण फाटकापलीकडं आपलं शेपूट मावेल का ते बघितलं नाही. हिशेब करा. ट्रॅक्टर आणि दोन ट्रेलर मिळून साधारण ५४ फूट. दुहेरी लाइनीत एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत ४५ फूट धरा. म्हणजे शेवटचं चाक बाहेर पडायला तोंडाला १०० फूट जावं लागतं. भरल्या उसानं ताशी पाच किलोमीटरनं चढलात तर त्याला २२ सेकंद लागतात. शंभरच्या वेगानं येणारी गाडी तेवढ्यात ६०० मीटर येते. फाटकाच्या अलीकडं ६०० मीटरवर 'सी/फा' (सीटी/फाटक) लिहिलेली पाटी असते, तिथून ड्रायव्हर शिट्टी द्यायला लागतो. म्हणजे शिट्टी ऐकून घाई करायला तुमच्याकडं वेळच नसतो.

आणि एक गाडी गेली तरी फाटक उघडत नाही म्हणून लोक गेटमनला शिव्या देतात. दुसऱ्या लाइनीवरून गाडी येत असते, दादा. मी माझ्या डोळ्यांनी एकाला दांड्याखालून सायकल घालताना बघितलंय. पुढचं लिहवत नाही.

बसवाला_नांदेड

मी शाळेची बस चालवतो. २४ जुलै २०१४ ला मेडक जिल्ह्यात मासाईपेटला शाळेच्या बसला गाडीनं धडक दिली, ती आमच्याच नांदेडहून सिकंदराबादला जाणारी पॅसेंजर होती. तिथं फाटकच नव्हतं. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. रुळाआधी थांबायचं, मुलांना गप्प करायचं, गाणी बंद, दोन्ही काचा खाली, मोबाइल खिशात. तेवढ्या वेळात रुळाची कुजबुजसुद्धा कानावर येते.

ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली, तरी मोटार वाहन कायद्याचं कलम १३१ लक्षात असू द्या. बिनमाणसाच्या फाटकात गाडी थांबवून क्लीनरनं खाली उतरायचं, दोन्ही बाजू बघायच्या आणि पुढं चालत गाडी पार करून द्यायची. क्लीनर नसेल तर ड्रायव्हरनं स्वतः उतरायचं. माणूस असलेल्या फाटकातही धुकं असलं तर मी तसंच करतो. कुणी हसलं तर हसू दे.

रुळावरचा_दौंड

मी इंजिनावर असतो, तिकडून कसं दिसतं ते सांगतो. ट्रेलर रुळावर दिसला आणि इमर्जन्सी ब्रेक मारला तरी गाडी तिथल्या तिथं थांबत नाही. वेगात असली तर किलोमीटरभराच्या आसपास जाते. हॉर्न दाबून धरायचा आणि बघत राहायचं, आमच्या हातात तेवढंच उरतं.

अडकलात तर आधी माणसं उतरवा. उसाचा आणि ट्रॅक्टरचा मोह सोडा. गेटमनला सांगा, तो बत्ती, झेंडा, रुळावर लावायचे इशाऱ्याचे फटाके घेऊन गाडी रोखायला धावतो. तुमच्यापैकी एकानं गाडी येणार त्या बाजूला, रुळापासून लांब राहून पळायचं. उलट दिशेला पळालात तर धडकेनं उडालेला ऊस आणि पत्रा तुमच्याच अंगावर येतो. दिवसा दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच धरा, रात्री बॅटरी जोरजोरात हलवा. आम्ही त्याला थांबण्याचाच इशारा मानतो.

आणि मोळ्यांवर माणसं बसवू नका. आता वर तारा आल्यात, २५,००० व्होल्टच्या. फाटकाआधी ४.६७ मीटरवर आडवा दांडा लावलेला असतो तो माल तारेपासून लांब राहावा म्हणून. वर बसलेला माणूस दांडा गेला की उभा राहतो, कुणाच्या हातात उसाचं टिपरू असतं. त्या तारेला शिवावंही लागत नाही, दोन मीटरच्या आत गेलं तरी जिवाला धोका.

रानमळा_सातारा

काका, भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं भाच्याला मोठ्यानं वाचून दाखवलं.

काल आम्ही दोघांनी टेप लावून मापं घेतली. माझी गाडी ५६ फूट भरली, काकांच्या अंदाजापेक्षा दोन फूट जास्तच. मग पलीकडच्या फाटकापासून रस्त्याच्या कडेनं ६० फूट मोजलं, तिथं एक बाभूळ आहे. बाभळीपर्यंत रस्ता रिकामा दिसल्याशिवाय रुळावर चढायचं नाही, मागं कितीही हॉर्न वाजू देत, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मुकादमालाही सांगितलं, बायापोरं फाटकाआधी उतरतील आणि चालत पलीकडं जातील. तो म्हणाला वेळ जातो. मी म्हटलं, जाऊ दे.

गेटमन_निवृत्त

बाभळीचं चांगलं केलंत. पण पिनेच्या खिट्ट्या बदलल्या का? दोन्ही ट्रेलरच्या बदला, आणि एक जादा खिट्टी भाच्याच्या हाताशी राहील अशी टूलबॉक्समध्ये टाका.