‘आठ दिवसांत सीमा रिकामी झाली असती’: हे गणित आलं कुठून?

रूळतपासनीस

उत्तररंग यांनी परवा १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून (आजचा बांगलादेश) आलेल्या निर्वासितांवर लिहिलं. मुद्दा थोडक्यात असा: रेल्वे होती, विमानं होती, रायपूरजवळ ‘माना’ इथली छावणी १९६४ पासून उभी होती. दिल्लीने मनावर घेतलं असतं तर बंगालच्या सीमेवरच्या बनगाव-बसीरहाटची गर्दी आठ दिवसांत देशाच्या आत हलवता आली असती आणि पटकीने (कॉलऱ्याने) माणसं मेली नसती. खाली पन्नासएक जणांनी ‘अगदी खरं’ म्हणून मान डोलावली आहे. मला हे अजिबात पटलेलं नाही, आणि का ते सविस्तर लिहितो.

मे महिन्यात दिवसाला सरासरी लाखभर माणूस सीमा ओलांडत होता. अठरा डब्यांची गाडी, डब्याला ७५ जण, म्हणजे १,३५० माणसं. नुसत्या नव्या येणाऱ्यांच्या बरोबरीने चालायचं तरी रोज ७४ गाड्या लागतात. मेअखेर साठलेल्या लोकांचा आकडा ४० लाख धरा आणि आठाने भागा: रोज पाच लाख, म्हणजे ३७० गाड्या. हावडा ते रायपूर सव्वाआठशे किलोमीटर आहे. जायला एक दिवस, उतरवणं, डबे धुणं, पाणी भरणं आणि रिकामं परत येणं, असे एका रेकचे, म्हणजे गाडीच्या डब्यांच्या संचाचे, तीन दिवस जातात. ३७० ला तीनने गुणा, मग डबे मोजा. वीस हजार डबे कुठल्या यार्डात उभे होते ते मला कुणीतरी दाखवावं. शिवाय त्याच रुळांवरून छावण्यांचं धान्य यायचं होतं.

डबे मिळाले असं धरू. पण माणसं म्हणजे कोळसा नव्हे. १,३५० माणसं म्हणजे साधारण २७० कुटुंबं. नाव लिहिणं, जुन्या छावणीचं शिधापत्रक रद्द करणं, नव्यावर डब्याचा क्रमांक टाकणं, याला कुटुंबामागे तीन मिनिटं धरली तर पाच टेबलांवर पावणेतीन तास जातात. जुनं पत्रक रद्द केलं नाही तर तेच कुटुंब दोन्हीकडे शिध्याच्या यादीत राहतं आणि पंधरा दिवसांत गोदामाचा हिशेब कोसळतो. म्हातारा सलाईनवर असेल तर अख्खं कुटुंब मागे ठेवायचं, कारण एकदा ताटातूट झाली की पत्ता नसलेल्या माणसाला शोधायला महिने लागतात. मागे ठेवलेल्यांची जागा भरायला राखीव यादी हवी, नाहीतर डबा अर्धा रिकामा जातो.

उन्हाळ्यात प्रवासात माणशी तीन लिटर पिण्याचं पाणी धरलं तर गाडीमागे चार हजार लिटर. पोहे-गूळ द्यायचा तर माणशी ४०० ग्रॅम पोहे आणि १०० ग्रॅम गूळ, म्हणजे सहा क्विंटलच्या वर बांधाबांध, आणि ती गाडी फलाटाला लागायच्या आत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट पलीकडच्या टोकाला. उतरल्या दिवसापासून माणशी १५ लिटर पाणी द्यायचं तर एका गाडीमागे रोज वीस हजार लिटर. पन्नास जणांना एक म्हटलं तरी २७ संडास. हे आधी तयार नसेल तर तुम्ही पटकी बनगावहून उचलून रायपूरला नेऊन ठेवली, इतकंच होतं.

उत्तररंग

आकडे वाचले. आता माझा एक आकडा घ्या. १ जानेवारी १९७२ पासून परतवणी सुरू झाली. जानेवारीअखेर साठ लाखांच्या आसपास लोक परत गेले होते आणि फेब्रुवारी संपेपर्यंत नव्वद लाखांहून जास्त. म्हणजे जानेवारीत दिवसाला दोन लाख. तोच देश, तीच रेल्वे, तेच कारकून. पाठवून द्यायचं ठरलं तेव्हा दोन लाख जमले, वाचवायचं होतं तेव्हा तुम्ही टेबलं मोजत बसता?

इच्छा नव्हती हे मी उगाच म्हटलेलं नाही. निर्वासित इथे कायमचे राहणार नाहीत, परत जाणार, हे सरकारने पहिल्यापासून सांगितलं होतं. आत नेले की रुजतील ही धास्ती होती. त्यात राज्यं घ्यायला तयार नव्हती.

रूळतपासनीस

जानेवारीची तुलना इथे लागूच होत नाही. ते लोक घरी निघाले होते. बरेच जण पायी, सायकलरिक्षाने, बैलगाडीने, ट्रकने गेले. बहुतेकांचं गाव सीमेपासून एक-दोन मुक्कामांवर. वाटेवर २७१ संक्रमण छावण्या होत्या, हातात दोन आठवड्यांचा शिधा दिलेला, हवा कोरडी. समोरच्या टोकाला छावणी उभारायची नव्हती, तिथे त्यांची जमीन होती, घर जळलेलं का असेना. माना छावणीत जायला मात्र माणूस तयार नव्हता. बनगावातून आपलं गाव जवळ वाटतं, रायपूरहून ते संपल्यासारखं वाटतं. नाखूष माणसाला गाडीत बसवायला तिप्पट वेळ लागतो आणि पुढच्या स्टेशनात तो उतरून जातो.

खासी टेकडी

तुम्ही दोघंही बंगालच्या ब्रॉडगेजवरून खाली उतरत नाही. त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या साडेपंधरा लाख आणि आलेले निर्वासित चौदा लाख. रेल्वे फक्त धर्मनगरपर्यंत, तीही मीटरगेज, आणि आगरतळ्याहून धर्मनगर म्हणजे डोंगरातला दोनशे किलोमीटरचा रस्ता. पावसात दरड आली की सगळं ठप्प.

जून-जुलैत अमेरिकेच्या चार सी-१३० मालवाहू विमानांनी आगरतळ्याहून गुवाहाटीला सुमारे २३,००० माणसं हलवली. विमानात आसनं साधारण ९२, म्हणजे अडीचशे फेऱ्या, आणि चौदा लाखांतले दोन टक्केसुद्धा नाहीत. ‘विमानं होती’ हे वाक्य इथेच संपतं. त्या फेऱ्यांचं खरं काम उलट दिशेचं होतं. येताना त्यांनी तांदूळ आणला, आणि त्या तांदळावर मागे राहिलेल्यांची चूल चालली. हवाई वाहतुकीत माणूस बाहेर काढण्यापेक्षा पोतं आत नेणं जवळजवळ नेहमीच जास्त जीव वाचवतं.

मेघालयात बालाटला तर धड रस्ताही नव्हता. तिथे पटकीने जे झालं त्यावर गाड्यांच्या गणितात एक ओळही नाही.

पाणपोई

पटकीचा विषय निघालाच आहे तर एक सांगा. चढण्याआधी प्रत्येकाला लस का दिली नाही? जेट इंजेक्टर होते, दाबाने दंडात लस मारायची, सुई नाही, तासाला शेकडो माणसं. फलाटाच्या तोंडाशी दोन इंजेक्टर ठेवले असते तर आजार गाडीत चढलाच नसता.

उंबरठा

चढलाच असता. तेव्हाची टोचायची लस फार तर निम्म्या लोकांना काही महिने संरक्षण द्यायची, आणि तेही टोचल्यावर आठवडाभराने. पटकीचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा, काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत. दुपारी टोचलेला माणूस रात्री खरगपूरच्या पुढे जुलाबाने आडवा होतो, कारण जंतू सकाळीच पोटात गेलेले असतात. ही लस प्रसार थांबवत नाही हे लक्षात आल्यावरच १९७३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने प्रवाशांसाठीची तिची सक्ती काढून टाकली. फलाटावरची तपासणीही चाळणी नव्हे. संसर्ग झालेल्यांतल्या बहुतेकांना लक्षणंच नसतात. तपासणी करायची ती कोण प्रवास झेपवू शकणार नाही हे ठरवण्यासाठी: दिवस भरलेली बाई, सुकलेलं मूल, ताप.

गाडीत काय होतं ते बघा. डब्याला चार संडास. पटकीचा रुग्ण तासाला लिटरभर पाणी गमावतो, तो ‘स्थानकात गाडी उभी असताना वापरू नये’ ही पाटी पाळू शकत नाही. गाडी सिग्नलला दोन तास अडकली की घाण फलाटाशेजारी, आणि त्याच फलाटाच्या नळावर लोक लोटे घेऊन धावतात.

पाणपोई

मग २०१७ चं काय? बांगलादेशात कॉक्स बाजारला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोहिंग्यांना तोंडाने द्यायच्या लसीचे नऊ लाख डोस दिले. पटकीची मोठी साथ आली नाही. लस निरुपयोगी असं बिनदिक्कत लिहू नका.

उंबरठा

निरुपयोगी असं मी कुठे लिहिलं? ती वेगळी लस, आणि दिली ती वस्तीत, बसच्या दारात नाही. साथ येण्याच्या आधी दिली. १९७१ मध्ये ती नव्हतीच. जे होतं ते यापेक्षा स्वस्त होतं आणि आज त्यावर कुणी बोलत नाही म्हणून मला राग येतो.

बनगावच्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाईन संपत आलं होतं. गंभीर रुग्णाला किलोमागे १०० मिली धरा, ५० किलोच्या माणसाला पाच लिटर. किलोमागे ३० मिलीचा पहिला हिस्सा अर्ध्या तासात, उरलेला अडीच तासांत. रुग्णांनी भरलेल्या वॉर्डाला हे पुरणार कसं? त्यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा या मापाच्या पिशव्या कलकत्त्यात भरून घेतल्या, पिंपात पाण्यात कालवल्या आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. हे सीमेवर झालं, कुणालाही न हलवता. उत्तररंग, तुमच्या ‘हलवले असते तर वाचले असते’ला याहून सरळ उत्तर नाही.

पाणपोई

पिशवीत मीठ जास्त पडलं तर मूल दगावतं, हे का सांगत नाही?

उंबरठा

सांगतो. म्हणूनच पिशव्या एका जागी तोलून, मोहोरबंद करून पाठवल्या, प्रत्येक छावणीत चिमटीने मोजून नाही. आणि पिंपावर मोठ्या अक्षरात किती लिटर ते लिहायचं. जास्त लिटरची पिशवी कमी पाण्यात टाकणं ही सगळ्यात घातक चूक. ग्लुकोजचं पाणी उकाड्यात टिकत नाही, चोवीस तासांनी ओतून द्यायचं आणि पिंप घासायचं. कालवायचं पाणी आधी क्लोरिनचं, अर्ध्या तासाने नळाशी लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच संपतं, म्हणून आधी तुरटी. हे जमलं की गाडीतही जमतं: दर दोन डब्यांना एक पिंप, एक माणूस, वीस पेले.

वैनगंगा

तुमची पिंपं चालू द्या, पण ‘माना छावणी उभीच होती’ हे वाक्य कुणी खोडत नाही याचं आश्चर्य वाटतं. ती रिकामी नव्हती. पूर्व पाकिस्तानातल्या १९६४ च्या दंगलीनंतर आलेल्यांना संक्रमण छावणी म्हणून तिथे आणलं आणि कित्येक कुटुंबं तिथेच वर्षानुवर्षं अडकली. पुढे वसवलं ते दंडकारण्यात: कोरापूट, बस्तर, आणि आपल्याकडे चांदा जिल्हा. आजच्या गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीत बंगाली गावं आहेत. भातशेतीवर वाढलेल्या माणसाला जंगलतोडीची जमीन दिली, पाटाचं पाणी नंतर बघू म्हणाले. बंगालमध्ये अनुसूचित जातीत असलेल्या नामशूद्रांना महाराष्ट्रात तो दाखला मिळत नाही, हे दुखणं अजून चालू आहे. १९७८ मध्ये दंडकारण्यातून हजारो कुटुंबं उठून सुंदरबनात मरीचझापीला गेली, १९७९ च्या जानेवारीत तिथे नाकेबंदी झाली. माणसं बनगावात गाडीत चढायला नाही का म्हणत होती, ते यातून समजून घ्या. दंडकारण्याची बदनामी १९७१ च्या आधीच बंगालभर पोचलेली होती.

उत्तररंग

वैनगंगा, मुद्दा खरा आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. १९६४ ते १९७१ सात वर्षं हातात होती आणि टोकाला पाणी नव्हतं, हीच तर इच्छेची कमतरता. आणि सीमेवर ठेवण्याची किंमत फक्त पटकी नसते. जुलै १९९४, झाईरमधलं (आजचा काँगो) गोमा शहर. काही दिवसांत पाच ते आठ लाख रवांडन निर्वासित तिथे आले आणि सीमेला खेटून बसले. जमीन लाव्ह्याची, संडास खणता येईना, थडगीही खणता येईनात. पहिल्या महिन्यात जवळपास पन्नास हजार मेले. त्याच छावण्यांत नरसंहार करणारं सैन्य शस्त्रांसकट राहिलं, शिधावाटप त्यांच्या हातात गेलं, आणि १९९६ अखेर छावण्या हल्ल्यांत मोडल्या. सीमेपासून पन्नास किलोमीटर आत हा ढोबळ नियम उगाच नाही केलेला.

रूळतपासनीस

गोम्यात किबुंबा छावणीची जागा निवडली ती शहरापासून लांब, आणि तिथे पाणीच नव्हतं. टँकर पोचेपर्यंत माणसं मरत होती. म्हणजे तुमचंच उदाहरण सांगतं की नुसतं दूर नेणं पुरत नाही.

पन्नास किलोमीटरचं मान्य. ५० आणि ८२५ यांत फरक आहे. पन्नास किलोमीटरला ट्रक दिवसाला दोन फेऱ्या करतो, आजारी पडला तर परतीचा रस्ता असतो, आणि लोक चढायला तयार होतात कारण तेच नदीनाले, तीच भाषा. कलकत्त्याजवळ सॉल्ट लेकला अडीच लाख माणसं बसली ती याच अंतराच्या हिशेबात. तिथली जमीन सखल, पावसात पाणी साठणारी, काहींनी सांडपाण्याच्या काँक्रीट नळांत संसार मांडले. चूक जागेच्या उताराची होती. किमान एक टक्का उतार हवा, नाहीतर चर खणूनही पाणी जात नाही.

उत्तररंग

आठ दिवस हा शब्द मागे घेतो. रेकचं गणित मला खोडता आलेलं नाही. पण एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत आठ आठवडे होते, त्यात आतल्या पाच जागी बोअर, टाक्या आणि संडास तयार करून दिवसाला दहा गाड्या नक्की चालल्या असत्या. यावर काय म्हणणं आहे?

रूळतपासनीस

दहा गाड्या म्हणजे रोज साडेतेरा हजार माणसं आणि रोज दोन लाख लिटर पाणी वाढत जाणार. महिनाभरात चार लाख माणसं, साठ लाख लिटर. ते पाचांत वाटलं तरी जागेमागे रोज बारा लाख लिटर. मे महिन्यात, छत्तीसगडच्या बाजूला, बोअरवर नाही होत. नदी किंवा धरणाकाठची जागा हवी. तशी जागा असेल तर, हो, एप्रिलमध्ये सुरुवात करायला हवी होती. तेवढं कबूल करतो, त्याहून जास्त नाही.

खासी टेकडी

आणि बालाट? तिथे दहा गाड्या कशावर चालवणार आहात, दोघांपैकी कुणीतरी सांगा.