ट्रेलरवरून नाव पाण्यात उतरवताना आणि परत चढवताना होणारी फजिती : अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे

वैनगंगाकाठ (पवनी तालुका)

नमस्कार. आमची मासेमारांची सहकारी संस्था गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या काठी आहे. आजवर आमचे सारे काम लाकडी डोंग्यांवर चालत आले आणि डोंगा ज्याच्या त्याच्या घाटाला बांधलेलाच राहत असल्यामुळे नाव रस्त्याने वाहून नेण्याचा प्रसंग कधी आला नाही. यंदा संस्थेने सोळा फूट लांबीची फायबरची नाव आणि मागे लावायचे लहान पेट्रोल इंजिन घेतले. ही नाव धरणावर आणि ठेक्याने घेतलेल्या दोन मालगुजारी तलावांवर (मालगुजारांच्या काळातील जुन्या गावतलावांवर) आलटूनपालटून वापरता यावी, म्हणून एका वेल्डिंगच्या दुकानातून दोन चाकांचा ट्रेलरही बनवून घेतला. ओढण्यासाठी एका सभासदाचा ट्रॅक्टर आहे.

पहिल्याच दिवशी दोन चुका झाल्या. उतारावर ट्रेलर मागे घेत असताना पुढचा दोर आधीच सोडल्यामुळे नाव पाण्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच घसरून जमिनीवर आदळली आणि तळाला हातभर लांबीची चीर गेली. ती बुजवून पंधरा दिवसांनी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा नाव नीट उतरली. परंतु सायंकाळी परत चढवताना वाऱ्याने ती आडवी होत राहिली, तेवढ्यात ट्रेलरची चाके गाळात रुतली आणि शेवटी दुसरा ट्रॅक्टर बोलावून टोचन करून सगळे बाहेर काढावे लागले. सभासदांचा या नावेवरचा विश्वास उडू लागला आहे. ही नाव संस्थेने अनेक वर्षांच्या बचतीतून घेतलेली असल्यामुळे हे काम आम्हाला व्यवस्थित शिकायचे आहे. जागा कशी निवडावी, ट्रेलर पाण्यात किती न्यावा आणि वाऱ्यात नाव सरळ कशी चढवावी, हे कृपया सविस्तर सांगावे.

धानपट्टा (अर्जुनी मोरगाव)

दादा, आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ मला जागेतच दिसते, म्हणून आधी जागेविषयीच लिहितो. मोठ्या शहरांच्या तलावांवर बहुधा काँक्रीटचा बांधीव उतार असतो आणि पाण्याची कड फारशी हलत नाही. आपल्याकडे तसे नाही. गोसीखुर्दची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५ मीटर आहे; पावसाळ्यानंतर पाणी तिथवर असते आणि उन्हाळ्यापर्यंत ते इतके खाली जाते की सपाट भागात काठ कितीतरी दूर सरकतो. मागे उरतो तो ओला गाळ, वरून वाळलेला आणि आतून लोण्यासारखा मऊ. ऑक्टोबरमध्ये जी जागा उत्तम होती, ती फेब्रुवारीत ट्रॅक्टर गिळू शकते. म्हणून एकच घाट ठरवून चालत नाही. निदान तीन जागा हेरून ठेवाव्यात आणि धरणाची पातळी किती असताना कोणती जागा चालते, याची नोंद वहीत ठेवावी. आम्ही इटियाडोह धरणाच्या काठी अशी वही ठेवतो आणि नाव न्यायच्या आदल्या दिवशी पातळी विचारून मगच जागा ठरवतो.

आपल्या भागात एक मोठी सोय आहे, तिचा विचार अवश्य करावा. पुनर्वसित गावांचे जुने डांबरी रस्ते ठिकठिकाणी थेट पाण्यात उतरतात. ज्या रस्त्याने पूर्वी लोक आपापल्या घरी जात असत, त्यावर आज ट्रेलर लावताना मन जड होते, हे मी जाणतो; परंतु खाली गिट्टी आणि मुरूम दाबून बसवलेला असल्यामुळे गाळातही तो रस्ता चाकांना धरून ठेवतो. मात्र पाण्याखाली जाणाऱ्या रस्त्यावर कडेने खचलेली मोरी असू शकते, म्हणून उन्हाळ्यात पाणी उतरलेले असताना तो पायी चालून पाहावा आणि दोन्ही कडांना लांब बांबू रोवून ठेवावेत. त्याच फेरीत जुन्या विहिरींच्या जागाही पाहून खुणा कराव्यात. बुडीत गावठाणातली कठडा पडलेली विहीर पाण्याखाली दिसत नाही आणि कमरेइतक्या पाण्यात ट्रेलर ढकलणारा माणूस एका पावलात तीत जाऊ शकतो. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ट्रेलरच्या कामात माणूस मागे न पाहता मागे मागे जात असतो.

उतार किती असावा, तर दहा फुटांमागे साधारण सव्वा ते दीड फूट. दहा फुटांची फळी आडवी धरून, तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवून हे सहज मोजता येते. यामागचे गणित समजून घ्यावे. ट्रेलरवर नावेचा तळ जमिनीपासून दोन फूट उंच असेल आणि रिकाम्या नावेला तरंगायला अर्धा फूट पाणी लागत असेल, तर ट्रेलरच्या मागच्या टोकाशी अडीच फूट पाणी हवे. आठ फुटांना एक फूट असा उतार असेल, तर ते टोक पाण्याच्या कडेपासून वीस फूट आत नेले की काम होते आणि ट्रॅक्टरची चाके जवळजवळ कोरडी राहतात. तोच उतार वीस फुटांना एक फूट इतका सपाट असेल, तर पन्नास फूट आत जावे लागते. म्हणजे ट्रॅक्टर स्वतः दीड फूट पाण्यात आणि गाळात उभा राहतो. आपला दुसरा दिवस बहुधा असाच बिघडला असावा.

सपाट जागेवरून उतरवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर ट्रॅक्टर कोरड्या, कठीण जमिनीवर थांबवून चाकांमागे दगड लावावेत, ट्रेलर पिन काढून सोडवावा आणि चाळीस-पन्नास फूट मजबूत दोर ट्रेलरच्या दांड्याला बांधून तो हाताने पाण्यात सोडावा. पिन काढण्यापूर्वी दोर ताणून बांधलेला असावा. दांड्याखाली एक लहान चाक लावून घेतलेले असले म्हणजे तो जमिनीत रुतत नाही. मात्र ओढताना दोराच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. ताणलेला नायलॉनचा दोर तुटला तर चाबकासारखा मागे येतो.

मालगुजारी तलावांवर पाळीच्या (मातीच्या बांधाच्या) बाजूने नाव कधीही उतरवू नये. तिथे उतार फार उभा असतो, शिवाय चाकांनी पाळ खचली तर सारे गाव आपल्याला जाब विचारेल आणि ते योग्यच ठरेल. जिथून पाणी तलावात येते, त्या वरच्या बाजूची मुरमाड जागा शोधावी.

पाना-ग्रीस (उमरेड)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे काम करतो, त्यामुळे यंत्राच्या बाजूने लिहितो.

सर्वांत आधी ट्रॅक्टरच्या दोन ब्रेक पेडलांना जोडणारी कडी लावावी. शेतात वळणे सोपे जावे म्हणून आपण ती सोडून ठेवतो आणि विसरतो. उतारावर ट्रेलर मागे असताना एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो आणि ट्रेलर दुमडून मोठ्या चाकावर येतो. उतार उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच असावी आणि थांबल्यावर केवळ हँडब्रेकवर भरवसा न ठेवता चाकांमागे दगड लावावेत.

ट्रेलर मागे घेण्याचा सराव पाण्यावर करू नये. धान निघाल्यावर कडक झालेल्या बांधीत (धानाच्या खाचरात) दोन काठ्या रोवून त्यांच्यामधून रिकामा ट्रेलर मागे घेण्याचा सराव करावा. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात धरला, तर ज्या दिशेला हात नेतो त्याच दिशेला ट्रेलरचे मागचे टोक जाते. एवढे लक्षात ठेवले की गोंधळ संपतो. लांब ट्रॉलीपेक्षा आखूड ट्रेलर फार लवकर वळतो, म्हणून स्टिअरिंग थोडे थोडेच फिरवावे, आणि वाकडे होऊ लागले तर हट्ट न करता पुढे घेऊन सरळ करून पुन्हा मागे यावे.

दुसरी गोष्ट बेअरिंगची. पंधरा-वीस किलोमीटर चालून आलेल्या चाकाचा हब (बेअरिंग बसवलेला मधला भाग) गरम असतो. तो तसाच थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ग्रीस पांढरे पडते आणि काही महिन्यांत बेअरिंग वाजू लागते. म्हणून काठावर पोहोचल्यावर नावेची तयारी करीत अर्धा तास जाऊ द्यावा, हबला हात लावून तो निवला आहे याची खात्री करावी आणि मगच ट्रेलर पाण्यात न्यावा. तोवर मागच्या दिव्यांची वायर ट्रॅक्टरपासून सोडवून ठेवावी. हंगामात महिन्यातून एकदा ग्रीस भरावे.

आपली नाव घसरली, त्यावरून ट्रेलरवर लोखंडी किंवा प्लास्टिकचे रोलर असावेत असे वाटते. रोलरवर नाव फार सहज सरकते, म्हणून मागचे टोक पाण्याला टेकून उचलले जाईपर्यंत पुढची साखळी आणि विंचचा (हँडल फिरवून दोर गुंडाळणाऱ्या चरकाचा) दोर, दोन्ही जागेवरच राहिले पाहिजेत. रस्त्यासाठी बांधलेले मागचे पट्टे मात्र काठावरच सोडावेत. ते विसरले तर नाव तरंगत नाही आणि मागून पाणी आत येते. आणखी एक सुधारणा स्वस्तात होते: ट्रेलरच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर चार फूट उंचीचे लोखंडी पाईप उभे वेल्ड करून त्यांच्यावर प्लास्टिकचे पाईप चढवावेत. ट्रेलर पाण्याखाली गेला तरी हे दोन खांब वर दिसत राहतात, ट्रॅक्टर चालवणाऱ्याला ट्रेलर कुठे आहे ते कळते आणि वाऱ्याने नाव आडवी होऊ लागली तर तेच तिला अडवतात.

वैनगंगाकाठ (पवनी तालुका)

दोघांचेही मनापासून आभार. रोलरच आहेत, आणि पेडलांची कडी सोडलेलीच होती. आता चढवण्याविषयी विचारतो. इंजिन चालू ठेवून नाव सरळ ट्रेलरवर घालावी, की इंजिन बंद करून विंचने ओढावी?

नदीपल्याड (चामोर्शी तालुका)

भाऊ, मी पूरकाळातील बचावकार्याचे प्रशिक्षण घेतलेली आहे आणि आमच्या गटाची नाव आम्ही चार बायकाच उतरवतो व चढवतो, म्हणून हा अनुभव लिहिते.

नवीन माणसाची सर्वांत मोठी चूक म्हणजे ट्रेलर फार खोल नेणे. खोल नेला की नाव सगळीकडून तरंगते आणि वाऱ्याबरोबर कुठेही जाते. उतरवताना लागते त्यापेक्षा चढवताना ट्रेलर थोडा कमी खोल असावा, म्हणजे नावेचे पुढचे टोक पहिल्या रोलरला टेकले की तिथेच ठरते. आम्ही नावेच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक लांब दोर बांधतो. पुढचा दोर ट्रेलरच्या दांड्याजवळ उभ्या असलेल्या बाईच्या हातात असतो आणि मागचा दोर वारा जिकडून येतो त्या बाजूच्या काठावरील बाईच्या हातात. वाऱ्याने नाव सरकू लागली की मागचा दोर ताणून ती सरळ करता येते. वाहत्या नदीत वाऱ्याऐवजी प्रवाहाचा विचार करून हाच दोर प्रवाहाच्या वरच्या बाजूला धरावा.

इंजिनाचा उपयोग आम्ही ट्रेलरच्या तोंडाशी येईपर्यंतच करतो. पाणी उथळ होण्यापूर्वी ते बंद करून वर उचलून ठेवतो, नाहीतर पंखा दगडाला लागतो. त्यानंतर विंच. विंचचा खटका दात धरतो आहे ना, हे दर वेळी पाहावे. भार असताना खटका सुटला तर हँडल उलटे गरगर फिरते आणि मनगट मोडू शकते. नाव पुढे पूर्ण टेकली की साखळी लावावी आणि मगच ट्रॅक्टर हलवावा.

उतरवण्यापूर्वी तळाचे बूच लावले आहे का, हे एकीने मोठ्याने विचारायचे आणि दुसरीने हात लावून पाहून उत्तर द्यायचे, असा आमचा नियम आहे. चढवल्यावर तेच बूच काढून नाव चढाच्या दिशेने उभी ठेवावी. तळात शंभर लिटर पाणी राहिले तर शंभर किलो ओझे वाढते आणि ते वळणावर इकडून तिकडे धावते.

लाइफ जॅकेट ट्रेलर ढकलणाऱ्यांनीही घालावे, नाव सुटल्यानंतर नव्हे, आधी. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. ती गोष्ट ट्रेलरची नव्हती, पण काठाजवळ आहोत म्हणून निर्धास्त राहण्याची सवय मला तेव्हापासून सहन होत नाही.

धानपट्टा (अर्जुनी मोरगाव)

ताईंनी इंजिन लवकर बंद करण्याविषयी लिहिले, त्याला आणखी एक कारण जोडतो. नाव ट्रेलरवर चढवण्यासाठी जोरात इंजिन चालवले, तर पंख्याच्या पाण्याने उताराच्या पायथ्याचा मुरूम उडतो आणि नेमका तिथेच खड्डा पडतो, जिथे पुढच्या वेळी ट्रेलरची चाके जाणार असतात. आमचा एक चांगला घाट एकाच हंगामात असा वाया गेला. आम्ही त्या खड्ड्यात बोल्डर भरले, पण चाक त्यांच्यात अडकू लागले म्हणून ते पुन्हा काढावे लागले.

वैनगंगाकाठ (पवनी तालुका)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. बांधीत दोन दिवस सराव केला, पाईप उभे करून घेतले, चिरेवर दुकानातून पुन्हा फायबरचा थर दिला आणि जुन्या रस्त्याची जागा निवडली. या रस्त्याने शाळेत गेलेले दोन ज्येष्ठ सभासद बरोबर होते; मोरी कुठे आहे आणि विहिरी कुठे आहेत, हे त्यांनी पाण्याकडे बोट दाखवून सांगितले, आम्ही बांबूने टोचून पाहिले तर अंदाज चार-पाच हातांपलीकडे चुकला नाही. तिथे बांबू रोवून लाल कापड बांधले आहे. रविवारी नाव पहिल्याच प्रयत्नात उतरली आणि सायंकाळी वारा असूनही दोन दोरांनी सरळ चढली.

एकच अडचण राहिली आहे. पाण्याच्या कडेला डांबरावर शेवाळ धरले असून ट्रेलर ओढून काढताना ट्रॅक्टरचे एक चाक फिरू लागले. तूर्त खराट्याने घासून वर कोरडा मुरूम पसरतो आहोत, पण तो प्रत्येक वेळी वाहून जातो. यावर कोणी काही टिकाऊ केले असल्यास कळवावे.

पाना-ग्रीस (उमरेड)

जुन्या ट्रकच्या टायरचे पट्टे कापून, ते दोन समांतर ओळींत चाकांच्या मापाने लोखंडी पट्टीवर बोल्टने जोडावेत आणि वरचे टोक काठावरच्या खुंटाला साखळीने बांधावे. पाणी खाली गेले की तीच चटई ओढून खाली नेता येते. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांमधले अंतर आधी मोजून घ्यावे; ट्रेलरच्या चाकांचे माप त्याहून वेगळे असल्यास पट्ट्यांची रुंदी दोन्ही बसतील इतकी ठेवावी.